जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल : घालावे की न घालावे?

आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांसमोर आज एखादी मोटारसायकल उभी दिसते. ती नवी कोरी असतेच असे नाही. कुठे ती वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली असते आणि त्यांच्या निवृत्तीनंतर मुलाच्या हाती आलेली असते, तर कुठे दोन-तीन मालकांच्या हातून फिरत आलेली असते. हिरो होंडा कंपनीची सीडी १०० ही गाडी १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली आली आणि शंभर सीसीच्या या गाड्यांनी कष्टकरी माणसाला स्वतःचे वाहन दिले. कंपनीचे ते जोडनाव २०११ मध्ये बदलले. पण ते नाव टाकीवर मिरवणाऱ्या गाड्या आजही दूध पोचवतात, पार्सले वाटतात, रात्रपाळीच्या माणसाला घरी आणतात, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडतात. अशा गाडीचे इंजिन बसले की त्या घराची आवकही बसते.

म्हणूनच एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे आम्ही वाचक बंधू-भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. ऑइल बदलायला गाडी गॅरेजात नेली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "साधं टाकू की सिंथेटिक?" सिंथेटिकचा डबा साध्या ऑइलच्या साधारण दुप्पट किमतीचा, कधी त्याहून महाग. एक कारागीर सांगतो, "काका, सिंथेटिक टाका, इंजिन नव्यासारखं होईल." चार दुकाने पुढचा दुसरा सांगतो, "जुन्या गाडीत सिंथेटिक अजिबात टाकू नका, सगळी सील फुटतील, ऑइल गळायला लागेल." दोघेही तितक्याच खात्रीने बोलतात. दिवसभर राबून चारशे-पाचशे रुपये मिळवणाऱ्या माणसाने कोणाचे ऐकावे?

आमचे म्हणणे असे की, कोणाचेही ऐकण्याआधी आपण स्वतः थोडे समजून घ्यावे. विषय यंत्राचा असला तरी अवघड नाही.

ऑइल काय काम करते?

इंजिनात लोखंडावर लोखंड आणि ॲल्युमिनियमवर लोखंड घासत असते. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो, म्हणून झीज कमी होते. हे झाले पहिले काम. दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. आपल्या शंभर सीसीच्या गाड्यांचे इंजिन हवेवर थंड होते, त्यात पाण्याचा रेडिएटर नसतो, त्यामुळे आतल्या उष्णतेचा मोठा भार तेलावर पडतो. तिसरे काम घाण आपल्या पोटात धरून ठेवण्याचे. तेल काळे होते ते बऱ्याच अंशी यामुळेच. चौथे काम पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधली बारीक फट भरून काढण्याचे. आणि मोटारसायकलीत पाचवेही काम असते : गिअर आणि क्लच प्लेटा याच तेलात बुडालेल्या असतात. चारचाकीत गिअरचे तेल वेगळे असते, मोटारसायकलीत एकच तेल सगळा संसार सांभाळते.

आणि हे तेल असते किती? शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम एक लिटर, बहुतेक त्याहूनही थोडे कमी. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढचा सारा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

सिंथेटिक म्हणजे नेमके काय?

साधे ऑइल, ज्याला मिनरल म्हणतात, ते जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलापासून गाळून, शुद्ध करून बनते. त्यात लहान, मोठे, वेडेवाकडे असे नाना आकारांचे रेणू असतात. धान्य चाळून घेतले तरी त्यात थोडा कोंडा, थोडी चूर राहते, तसेच हे. सिंथेटिकचे मूळ तेल कारखान्यात रासायनिक क्रियेने घडवलेले असते, किंवा कच्च्या तेलातील रेणू हायड्रोजनच्या साहाय्याने मोठ्या दाबाखाली तोडून पुन्हा जुळवलेले असतात. त्यामुळे त्याचे रेणू बरेचसे एकसारखे असतात.

याचा फायदा खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. सिंथेटिक ऑइल जास्त उष्णता सहन करते, लवकर जळत नाही, त्याची वाफ कमी होते, त्यातून चिकट गाळ कमी बनतो, आणि थंडीत ते लवकर वाहते. भर उन्हात, सिग्नलला थांबत-थांबत दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या इंजिनाला या गुणांचा उपयोग होतो.

मात्र "सिंथेटिक" या शब्दाचे वजन सगळ्या डब्यांवर सारखे नसते. अमेरिकेत १९९९ साली यावर दोन मोठ्या तेल कंपन्यांचा वाद जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेपुढे गेला. कच्च्या तेलापासून खूप प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा कौल तिथे मिळाला. तेव्हापासून दोन्ही प्रकारची तेले याच नावाखाली विकली जातात. "सेमी सिंथेटिक" तर आणखी मोघम. त्यात सिंथेटिक किती आणि साधे किती, हे डब्यावर सहसा लिहिलेले नसते. तेव्हा निव्वळ शब्दाला भुलून जास्त पैसे मोजणे शहाणपणाचे नाही.

सील फुटण्याची भीती कुठून आली?

"जुन्या गाडीत सिंथेटिक टाकले की गळती लागते," ही समजूत निव्वळ हवेतून आलेली नाही. अमेरिकेत मोबिल वन हे सिंथेटिक ऑइल १९७४ साली सामान्य ग्राहकांसाठी विक्रीला आले. ते त्या काळातील इतर ऑइलांच्या मानाने फारच पातळ होते. शिवाय त्या पिढीतील सिंथेटिक तेलांचा रबराच्या सीलशी मेळ बसत नसे. साध्या तेलाने रबर किंचित फुगते आणि फट घट्ट बसते, तर या तेलाने ते आकसू शके. परिणामी काही गाड्यांतून तेल झिरपू लागले आणि बोलबाला झाला. पुढे कंपन्यांनी तेलात रबराला फुगवणारी द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळून तो दोष दूर केला. आजचे चांगल्या प्रतीचे सिंथेटिक ऑइल धडधाकट सील फोडत नाही. पण लोकांच्या मनात बसलेली गोष्ट पन्नास वर्षे झाली तरी निघालेली नाही.

मग आजही काही जुन्या गाड्या सिंथेटिक घातल्यावर गळतात, हे खोटे का? तेही खोटे नाही. त्याची कारणे तीन.

पहिले कारण, सील आधीच कडक होऊन तडकलेले असते आणि त्या तडीत वर्षानुवर्षांचा चिकट गाळ बसून तिने बूच मारलेले असते. नवे तेल तो गाळ हळूहळू धुऊन काढते आणि झाकलेली गळती उघडी पडते. गळती तेलाने केली नाही, तेलाने ती दाखवली.

दुसरे कारण, सिंथेटिक म्हणून जो डबा घेतला तो आधीच्या तेलापेक्षा पातळ आकड्याचा असतो. पातळ तेल बारीक फटीतून लवकर पाझरते आणि झिजलेल्या रिंगांमधून वर चढून जळते. इथे दोष आकड्याचा असतो, सिंथेटिकपणाचा नव्हे.

तिसरे कारण, ऑइल बदलताना ड्रेन नटाचा जुना वॉशर तसाच बसवलेला असतो आणि थेंब तिथूनच पडत असतात.

डब्यावरचा आकडा वाचायला शिकू या

आता आकड्याकडे वळू. डब्यावर २०-डब्ल्यू-४० किंवा १०-डब्ल्यू-३० असे काहीतरी छापलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात थंडी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड तेल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके तेल सकाळच्या पहिल्या किकला लवकर वर पोचते. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला, तेल किती दाट राहते ते सांगतो. तो जितका मोठा, तितके तापलेले तेल दाट.

जुन्या गाडीच्या मालकाने या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवावे. गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तोच सिंथेटिकमध्येही मागावा. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मॉडेल आणि साल सांगून विचारावे. वर्षानुवर्षे जी गाडी ४० वर चालली आणि जिचे इंजिन आता थोडे सैल झाले आहे, तिला एकदम ३० चे पातळ सिंथेटिक पाजण्यात काही हशील नाही. सिंथेटिक घ्यायचेच तर १०-डब्ल्यू-४० सारखे, दुसरा आकडा तोच ठेवणारे घ्यावे. उलट, आवाज दाबण्यासाठी मनानेच फार दाट तेल ओतणेही बरोबर नाही. दाट तेल थंड इंजिनात वर पोचायला उशीर लावते.

मोटारसायकलीला मोटारीचे ऑइल चालत नाही

आता एक अशी गोष्ट, की जिच्यापायी आमच्या परिचयातील एका तरुणाची तीन दिवसांची कमाई बुडाली. हा मुलगा जेवणाची पार्सले पोचवण्याचे काम करतो. कोणीतरी त्याला सांगितले की मोटारीचे भारी सिंथेटिक ऑइल टाक, ॲव्हरेज वाढेल. त्याने ते टाकले. दोन दिवसांत गाडीचे इंजिन नुसतेच ओरडू लागले, वेग येईना, पुलाच्या चढावर गाडी जागची हलेना. घरच्यांना वाटले, इंजिनच गेले. अनुभवी मिस्त्रीने तेल हुंगून, डबा पाहून सांगितले, "बाळा, इंजिन ठणठणीत आहे. क्लच घसरतोय."

कारण वर आलेलेच आहे : मोटारसायकलीच्या क्लच प्लेटा इंजिनच्याच तेलात असतात. मोटारीच्या काही तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. क्लच तर घर्षणावरच चालतो. प्लेटाच निसरड्या झाल्या तर गाडीने पकड घ्यायची कशी? त्या मुलाला तेल काढून, योग्य तेल घालून, पुन्हा थोड्याच दिवसांत बदलावे लागले. प्लेटा वाचल्या, हे त्याचे नशीब. बऱ्याचदा त्या नव्या घालाव्या लागतात.

यासाठी जपानच्या मोटार उद्योगाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक मानक घालून दिले. डब्याच्या मागच्या बाजूला "जासो एमए" किंवा "एमए २" अशी इंग्रजी अक्षरे असतील तरच ते तेल गिअरच्या मोटारसायकलीच्या क्लचला योग्य समजावे. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच तेलात बुडालेला नसतो. तिच्यासाठी "एमबी" अक्षरांचे तेल असते. आपल्या अनेक भगिनी आता स्कूटरवरून कामाला जातात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की स्कूटरचे "एमबी" तेल घरातल्या मोटारसायकलीत ओतायचे नाही. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची तर तऱ्हाच निराळी. तिथे पेट्रोलबरोबर जळणारे टू-टी ऑइल वेगळे आणि गिअरचे वेगळे. हा लेख त्या गाड्यांना लागू नाही.

डब्यावर आणखी दोन इंग्रजी अक्षरे असतात : एसएल, एसएम, एसएन, एसपी. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची प्रतवारी. यात दुसरे अक्षर जितके पुढचे, तितके मानक नवे. एसएल २००१ चे, एसएन २०१० चे, एसपी २०२० चे. पुस्तिकेत सांगितलेले किंवा त्याच्या पुढचे अक्षर घ्यावे, मागचे घेऊ नये. मात्र पुढचे अक्षर आहे म्हणून "जासो एमए" पाहायचे राहू देऊ नये.

आधी गाडीची तपासणी

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. गाडीलाही तोच न्याय लावावा. सिंथेटिकचा विचार करण्याआधी पुढील चार गोष्टी घरच्या घरी पाहता येतात.

एक, रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग आहे का, आणि कुठे आहे, ते पाहा. ड्रेन नटाखाली, गिअर दांड्याच्या मुळाशी, पुढच्या चेन चक्राच्या मागे, टॅपेट कव्हरच्या कडेला, या जागा नेमक्या तपासा.

दोन, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला किक मारताच निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेली असतात. गाडी पळवताना सतत धूर येत असेल तर रिंग आणि बोअर झिजलेले असण्याचा संभव जास्त.

तीन, तेलाची पातळी मोजा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन थोडे चालवून बंद करा, काही मिनिटे थांबा, डिपस्टिक पुसून मग पाहा. या शंभर सीसी गाड्यांत डिपस्टिक पाहताना ती आट्यात फिरवायची नसते, नुसती टेकवायची असते. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये तेल असले पाहिजे. आकडा वहीत लिहा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. किती वर भरावे लागले, ते कळेल.

चार, तेलाचा रंग पाहा. काळे असणे हा दोष नव्हे. पण ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले आहे. पावसात तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी घातली असेल तर हे जरूर तपासा. असे तेल कितीही महाग असो, लगेच काढून टाकावे.

या तपासणीवरून निर्णय असा करावा. डाग नाही, धूर नाही, पातळी टिकते : मग गाडी पंधरा वर्षांची असो की वीस, सिंथेटिक घालायला हरकत नाही. एखाद-दुसरा थेंब पडतो : आधी ते सील किंवा वॉशर बदलून घ्या, मग बघा. निळा धूर येतो आणि गाडी ऑइल खाते : सिंथेटिकवर पैसे घालू नका. जे तेल जळून जाणार आहे ते महागाचे कशाला? तेच पैसे बाजूला टाकून व्हॉल्व्ह सील, रिंग यांचे काम करून घ्या. काम होईपर्यंत योग्य आकड्याचे साधे ऑइल वापरा आणि दर आठवड्याला पातळी पाहा. कोणतेही ऑइल झिजलेले लोखंड परत आणून देत नाही, ही गोष्ट मनाशी पक्की करावी.

बदलायचेच ठरले तर

सेकंडहँड गाडीचा मागचा इतिहास ठाऊक नसेल तर एकदम सिंथेटिकवर जाऊ नये. आधी एक-दोन वेळा साधे ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरवरच बदलून आतली घाण सावकाश बाहेर काढावी. या इंजिनांत मोटारीसारखा कागदी फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि गरगर फिरून घाण कडेला फेकणारी एक वाटी असते. जाळी मिस्त्रीकडून साफ करून घ्यावी. गाळ सुटून ती तुंबली तर डब्यात तेल असूनही वर तेल पोचत नाही. इंजिनकाम निघेल तेव्हा ती वाटीही उघडून पुसायला सांगावी.

काही ठिकाणी जुने तेल काढले की आत रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन "धुतात". हे करू देऊ नका. त्यातला काही भाग आतच उरतो आणि नव्या तेलाला पातळ करतो. इंजिन गरम असताना तेल काढले आणि दहा-पंधरा मिनिटे नीट निथळू दिले, एवढे पुरते. ड्रेन नटाला नवा वॉशर घालण्याचा आग्रह धरा. तो काही रुपयांचा असतो.

साधे आणि सिंथेटिक एकत्र झाले तर दूध नासल्यासारखे होते, असेही कोणी सांगतात. तसे होत नाही. इंजिनची ही तेले एकमेकांत मिसळतात. आत थोडे साधे तेल उरले तरी चिंता नको, आणि वाटेत पातळी कमी झाली व दुसरे काही मिळाले नाही तर योग्य अक्षरांचे साधे ऑइल वर भरता येते. "एकदा सिंथेटिक घातले की परत साध्यावर येता येत नाही," हेही खरे नाही. पुढच्या बदलीला खुशाल साधे घालावे.

बदलल्यानंतरच्या पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर तीनशे किलोमीटरला पातळी आणि गाडीखालचा कागद पाहा. थेंब दिसला तर घाबरू नका, कुठले सील ते शोधून बदला.

डबा घेताना बिल घ्या आणि सील आपल्यासमोर तोडायला लावा. नामांकित कंपन्यांच्या जुन्या डब्यांत भेसळीचे तेल भरून विकण्याचे प्रकार होतात. म्हणून रिकामा डबा भंगारात देताना त्याला भोक पाडावे.

हिशेब वहीत मांडून पाहू

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आकड्यावाचून आमचे समाधान होत नाही. समजा, साध्या ऑइलचा डबा ४०० रुपयांना आणि सिंथेटिकचा ८०० रुपयांना मिळतो. आपल्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घालून पाहावा. समजा, गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १८,००० किलोमीटर धावते.

साधे ऑइल दर ३,००० किलोमीटरला बदलले तर वर्षात सहा बदल्या, खर्च २,४०० रुपये. सिंथेटिकही दर ३,००० ला बदलले तर खर्च ४,८०० रुपये. सिंथेटिक ६,००० पर्यंत चालवले तर तीन बदल्या, खर्च पुन्हा २,४०० रुपये. म्हणजे दुप्पट किमतीचे तेल दुप्पट चालवले तरच खर्च बरोबरीला येतो. दुकानदार जी बचत सांगतो ती या "जास्त चालते" वरच उभी असते.

आता इथेच खरी मेख आहे. समजा, जुनी गाडी हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर ऑइल खाते. डोळ्यांना हे दिसतही नाही. पण ६,००० किलोमीटरमध्ये ६०० मिलिलिटर संपले. पोटात मुळात होते ९०० मिलिलिटरच्या आसपास. उरले ३००. "सिंथेटिक आहे, सहा हजार बघायला नको," असे म्हणून झाकण न उघडणाऱ्या माणसाचे इंजिन अशाने एक दिवस भर रस्त्यात जाम होते. मग क्रँक, पिस्टन, बोअर, कारागिरी धरून काही हजारांचा खर्च आणि कामाचे कितीतरी दिवस बुडतात. काटकसर म्हणून घातलेले महाग तेल घराला कर्जात लोटते. हे संकट टाळायला आठवड्यातून दोन मिनिटे आणि एक चिंधी एवढेच लागते.

म्हणून आमचा सल्ला असा : गाडी निरोगी असली, सिंथेटिक घातले, तरी जुन्या इंजिनात बदलीचे अंतर पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा वाढवू नका. सिंथेटिकचे जास्तीचे पैसे हे उष्णता आणि झीज यांपासूनच्या संरक्षणासाठी आहेत असे समजा, बचतीसाठी नव्हे. रोज थोडेच अंतर जाणाऱ्या घरच्या गाडीला वेळेवर बदललेले साधे ऑइल उत्तम पुरते. दिवसभर रहदारीत तापणाऱ्या, पण धडधाकट इंजिनाच्या गाडीला सिंथेटिक घातले तर ते पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही.

ज्यांच्याकडे जुनी चारचाकी आहे, त्यांनाही हेच लागू. फरक इतकाच की तिथे क्लचचा प्रश्न नाही, "जासो" पाहावे लागत नाही, आणि ऑइलबरोबर फिल्टर बदलावाच लागतो. सिंथेटिक घालून जुनाच फिल्टर ठेवणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणे होय.

काढलेल्या तेलाचे काय?

शेवटी एक गोष्ट, जी पैशाहून मोठी आहे. गॅरेजांतून काम करणारी मुले बरीचशी आपल्याच घरांतली. त्यांचे हात मनगटापर्यंत काळ्या तेलात असतात. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली, कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये साठलेली असतात. ते वर्षानुवर्षे कातडीला लागणे घातक आहे. ज्याचा मुलगा किंवा भाऊ या कामात असेल त्याने त्याला हातमोजे घेऊन द्यावेत, जेवणाआधी साबणाने हात धुण्याची आणि तेलाची चिंधी खिशात न ठेवण्याची सवय लावावी. चौदा वर्षांखालील मुलाला तर गॅरेजात नोकरीला ठेवणेच कायद्याने गुन्हा आहे. त्याची जागा शाळेत आहे.

काही घरांत जळके ऑइल बाटलीत भरून आणतात, लाकडाला फासतात, कुत्र्याच्या खरजेवर लावतात, चूल पेटवायला वापरतात. हे बंद व्हावे. ते गटारात ओतले तर पाणी नासते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते गोळा करून पुन्हा शुद्ध करणारे परवानाधारक कारखाने आहेत, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. घरी ऑइल बदलत असाल तर जुने तेल डब्यात बंद करून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यावे.

तात्पर्य, जुन्या गाडीला सिंथेटिक चालते, पण ते संजीवनी नव्हे आणि विषही नव्हे. पहिली पातळी, दुसरा आकडा, तिसरी वेळेवर बदली. या तीन गोष्टी सांभाळल्यावर मग चौथ्या क्रमांकाला सिंथेटिकचा विचार करावा. घरात एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कोणते ऑइल, किती भरले, किती पैसे, एवढेच लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने ती वही सांभाळली तर आणखी उत्तम. पुढच्या वेळी गॅरेजात "साधं की सिंथेटिक?" असे विचारले जाईल, तेव्हा उत्तर त्या वहीत पाहून द्यावे.